झाडांखालची खिंड

“तो हिरवा लेयर ऑफ कर, दाणी, आणि पीडीएफ काढून टाक,” लघाटे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. “इतकं छान काम झालंय. आता त्यात काय खोट शोधून राहिलीस?”

मी लेयर ऑफ केला नाही. उलट तेवढाच भाग मोठा करून त्यांना दाखवला.

स्क्रीनवर पटकाई पर्वतरांगेचा एक तुकडा होता. आपल्याकडे डोंगर म्हटला की सह्याद्री आणि सीमा म्हटली की हिमालय. पटकाई कुणाच्या गावीही नसते. अरुणाचलच्या पूर्व टोकाकडून नागालँडच्या दिशेने उतरणारी, भारत आणि म्यानमारच्या मधोमध पसरलेली ही रांग. हिमालयापुढे उंचीने किरकोळ, पण चढ उभे, पाऊस उदंड आणि जंगल इतकं दाट की वरून जमीन दिसतच नाही. माथ्यावरच्या धारेच्या अलीकडे पडलेलं पाणी ब्रह्मपुत्रेला मिळतं, पलीकडे पडलेलं चिंदविन नदीतून इरावतीला. आम्ही काम करत होतो त्या पट्ट्यात देशाची सीमा या धारेवरूनच जाते.

नकाशावर लाल रेष होती ती सीमेची. ती आम्ही काढत नाही, अधिकृत नकाशावरून जशीच्या तशी घेतो. सीमा चुकीची छापली तर थेट खटला होऊ शकतो, त्यामुळे सीमेजवळची कुठलीही फाइल बाहेर जाण्याआधी मी एक तपासणी करते. उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून कॉम्प्युटरला विचारायचं, पाणी नेमकं कुठे दुभंगतं? त्याचं उत्तर म्हणजे ती हिरवी रेष. लाल आणि हिरवी एकमेकींना धरून चालल्या की मी फाइल सोडते. इथे दोघी बरंच अंतर नीट चालल्या होत्या. मग एका जागी हिरवी रेष लाल रेषेला सोडून चांगली आत, आपल्या बाजूला आली होती. बरंच भटकून पुढे परत लाल रेषेला मिळाली होती.

“सर, डोंगर सरकला असेल किंवा आपला डेटा चुकला असेल. तुम्हीच सांगा.”

“सीमा ऑफिशियल आहे ना? मग बस. हिरवी रेष रिपोर्टमध्ये जाऊनच नाही राहिली.”

लघाटे सर मूळचे इंदूरचे. त्यांची मराठी अशीच, हिंदीचा हात धरून चालते. माझे वडील बदली होऊन पुण्याहून भोपाळला आले आणि घरात शेवटपर्यंत पुणेरी मराठी बोलले. त्यामुळे सरांचं ‘जाऊन राहिली’ ऐकलं की माझे कान अजूनही टवकारतात. माणूस चांगला आहे. फक्त काम संपलं असं एकदा ठरवलं की ते पुन्हा उघडलेलं त्यांना खपत नाही.

आमची फर्म पाणीयोजनांचे आराखडे करते. पाणी कुठून घ्यायचं, पाइप कुठून न्यायचा, टाकी कुठे बांधायची हे आधी नकाशावर ठरतं, मग जागेवर. हे नकाशाचं काम माझं. वर्षानुवर्षं आम्ही सीहोर, रायसेन, विदिशा अशा आसपासच्या जिल्ह्यांत काम केलं. मग एक दिवस अरुणाचलचं टेंडर मिळालं. भोपाळात बसून पटकाईत नळ टाकायचे, यात गंमत आहे हे मलाही कळतं.

त्या टेंडरमधलं हे एक गाव. नाव सांगत नाही, पण आहे सीमेलगतच्या पट्ट्यात. मुख्य धारेतून हत्तीच्या सोंडेसारख्या उपरांगा खाली उतरतात, त्यांना आपण सोंडच म्हणतो. गाव अशा एका सोंडेच्या माथ्यावर. या भागातली जुनी गावं माथ्यावरच असतात. पूर्वी हल्ल्यांची भीती होती आणि खाली हिवताप होता. आता हल्ले नाहीत, हिवतापाला औषध आहे, पण गाव वर आणि पाणी खाली ही रचना तशीच राहिली. बायका तासभर उतरून झऱ्यावर जातात आणि पाठीवर पाणी घेऊन त्याहून जास्त वेळ चढतात.

हे मला कुठल्या अहवालातून कळलं नाही. लोवांगने सांगितलं. लोवांग हा तिथल्या सरकारी खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर, चाळिशीचा, बोलायला मोकळा, आणि गाव त्याचंच. अरुणाचलमध्ये हिंदी सगळ्यांना येते, त्यामुळे आमचं फोनवर छान जमलं होतं.

“मैडम, आधा गाँव तो रोड पे उतर गया,” तो एकदा म्हणाला होता. “बाकी लोग बोलता है, इस बार पानी नहीं आया तो हम भी उतरेगा. मेरा माँ अकेला बोलता है, मैं नहीं उतरेगा. सत्तर साल का है. रोज़ पानी ढोता है.”

“आणि तुम्हीच त्यांना खाली घेऊन गेलात तर?”

“दो बार ले गया. दोनों बार वापस भाग गया.”

हे त्याने हसत सांगितलं, पण मी हसले नाही. गाव उतरलं की ती बाई त्या माथ्यावर एकटी, हे सरळ दिसत होतं. आमच्या फाइलवर तिचं सगळं अवलंबून होतं आणि तिला आमच्या फर्मचं नावही ठाऊक नव्हतं.

योजना साधी होती. डिझेल पंप तिथे टिकत नाही आणि विजेचा भरवसा नाही. म्हणून पाणी आपल्या पायाने यायला हवं. गावापेक्षा उंच, मुख्य धारेखाली, शेजारच्या दरीत बारमाही ओढा आहे. ओढा आणि गाव यांच्यामध्ये आणखी एक सोंड आडवी येते. पाइपमधलं पाणी खाली उतरून पुन्हा वर चढतं, पण जिथून निघालं त्या पातळीच्या वर कधीच चढत नाही. उलट वाटेत घासत जातं म्हणून थोडं कमीच चढतं. तेव्हा मधली सोंड अशा खिंडीतून ओलांडायला हवी, जी ओढ्यापेक्षा खाली असेल. सोंडेला वळसा घालावा तर तिचं टोक दूरवर उंचच राहतं आणि मग एकदम कडा होऊन नदीत उतरतं. तिथे पाइप टिकणार नाही.

कॉम्प्युटरने अशी खिंड शोधून दिली होती, ओढ्यापेक्षा चांगली वीस मीटर खाली. नाझियाने पाइपचं डिझाइन केलं. नाझिया आमची पाइपलाइनवाली इंजिनिअर, जुन्या भोपाळातल्या शहाजहानाबादची, हिशोबात पक्की आणि तोंडाने फटकळ. सरांनी समोसे मागवले. आणि नेमकं तेव्हाच मी हिरव्या रेषेचं काढून बसले होते.

“मैम, समोसा ठंडा हो रिया है और आप बॉर्डर पे खड़ी हैं,” नाझिया म्हणाली.

मी समोसा खाल्ला आणि उपग्रहाचे जुने फोटो उघडले. उंची ज्या वर्षी मोजली होती, त्याच वर्षीचे. हिरवी रेष जिथे बहकली होती, तिथे सीमेवरच्या माथ्यावर एक फिकट तुकडा दिसला. कडा सरळ. निसर्ग अशा सरळ कडा काढत नाही. मग मी आमची लाडकी खिंड पाहिली. तिथेही तसाच फिकट तुकडा, तशाच सरळ कडा.

मी लोवांगला फोन लावला.

“हाँ मैडम, वो तो झूम था,” तो म्हणाला. “उस टाइम हमारे गाँव का झूम उधर ही था. बॉर्डर वाला तो उस पार के गाँव का है, मेरे मामा लोग का. अभी दोनों जगह जंगल आ गया वापस.”

झूम म्हणजे फिरती शेती. जंगलाचा तुकडा तोडायचा, वाळवून जाळायचा, त्यात भात पेरायचा. एक-दोन पिकं घेतली की तो तुकडा सोडून पुढे जायचं. मागे जंगल पुन्हा उभं राहतं आणि काही वर्षांनी फेरी परत तिथे येते. सीमेच्या दोन्ही बाजूंची गावं हे करतात, कारण दोन्हीकडची माणसं एकाच गोतावळ्यातली आहेत.

आता सगळं लख्ख दिसलं. उपग्रह वरून उंची मोजतो तेव्हा दाट जंगलात तो झाडांचे शेंडे मोजतो. फेटा घातलेल्या माणसाची उंची फेट्यासकट घ्यावी, तसं. ज्याच्या डोक्यावर फेटा नाही तो बुटका ठरतो. झूमची जागा बोडकी, म्हणून ती खोल दिसली आणि कॉम्प्युटरने तिला खिंड म्हटलं. सीमेवरही हेच झालं. माथ्यावरचं झूम खाली दिसलं, शेजारचं आपल्या बाजूचं जंगल वर दिसलं आणि हिरवी रेष जंगलाच्या मागे लागून आत आली.

पण खरा घोटाळा खिंडीत नव्हता, ओढ्यात होता. खिंडीची उंची उलट खरी होती, कारण तिथे जमीनच मोजली गेली होती. ओढ्यावर मात्र उंच झाडांची दाटी. तिथली आमची उंची शेंड्यांची. पंचवीसेक मीटर झाड वजा केलं की ओढा खिंडीच्या खाली जात होता. पाणी खिंडीपर्यंत चढत आलं असतं, चार-पाच मीटर उरले असताना थांबलं असतं आणि तिथेच राहिलं असतं.

आमची ही चूक भोपाळवाल्यांनीच करावी अशी आहे. आमचे डोळे विंध्यावर तयार झालेले. आपल्याकडचा साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो, जंगल विरळ, उपग्रहाला जमीन दिसते. सीहोरमध्ये आम्ही हाच डेटा, हीच पद्धत वापरली आणि एकदाही फसलो नाही. फसलो नाही म्हणून कुणी प्रश्नच विचारला नाही.

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही फिकट तुकडे स्वतः मोठे करून पाहिले. मग म्हणाले, “बरं झालं पकडलंस. मग आता ‘नॉट फीजिबल’ लिहून टाक.”

“काय?”

“ग्रॅव्हिटीने पाणी नाही येऊन राहिलं ना? मग नॉट फीजिबल. सरकारचा पैसा वाचला. आपलंही नाव राहिलं.”

मला राग आला. खरं सांगायचं तर सकाळी खोटी खिंड पाठवायची घाई होती तेव्हा आला त्याहून जास्त आला. चुकीचा ‘हो’ लोकांना दिसतो, पाइप कोरडा पडलेला दिसतो. चुकीच्या ‘नाही’ला कुणी जाब विचारत नाही. गाव यादीतून जातं आणि विषय संपतो.

“सर, ‘नाही’ लिहायलाही पुरावा लागतो. तिथे खिंड नाही असा पुरावा आपल्याकडे नाही. आपल्याला ती दिसत नाही, एवढंच आपल्याला माहीत आहे.”

“दाणी, आपली टेबलावर बसून करायची डेस्क स्टडी आहे. अजून किती खोदणार?”

“रिव्ह्यू मीटिंगपर्यंत वेळ आहे ना? तोपर्यंत खोदते. नाही मिळाली तर मी स्वतः नॉट फीजिबल लिहून खाली सही करते.”

“आणि सरकारी कमिटीने विचारलं फाइल का थांबली, तर काय सांगू?”

“सांगा, दाणी अडून बसलीये.”

“ते त्यांना माहीतच आहे,” सर म्हणाले आणि त्यांच्या केबिनमध्ये गेले. हा त्यांचा होकार असतो.

खोदणार मी म्हटलं, पण कुठे खोदायचं ते मला माहीत नव्हतं. सीमेजवळ ड्रोन उडवायला परवानगी नाही. जुने बारीक नकाशे मागितले तर पत्रव्यवहारात पावसाळा आला असता. मी स्क्रीनवरची ती सोंड वर-खाली करत बसले. वाट दाखवली नाझियाने, तीही डबा खाता खाता.

“मैम, एक बात बताओ. झूम नीचा दिखा क्योंकि पेड़ नहीं थे. तो जहाँ पेड़ सबसे लंबे होंगे, वहाँ ज़मीन सबसे ज़्यादा छुपी होगी, नहीं क्या?”

बरोबर होतं तिचं. खिंड उंचवट्यांच्या मधे असते. दोन्ही बाजूंनी माती घसरून तिथे जमते, ओल राहते. झाडं तिथे शेजारच्या उंचवट्यापेक्षा उंच वाढतात. म्हणजे खरी खिंड झाडांनी भरून निघते आणि वरून धार सपाट दिसते. आम्ही खड्डा शोधत होतो. शोधायला हवी होती सपाटी. आणि सपाट माथा दिसला की भोपाळच्या माणसाला काहीच खटकत नाही, कारण विंध्याचे माथे खरोखरच सपाट असतात!

त्या सोंडेवर असा एक तुकडा होता. मुख्य धारेच्या जवळ, बाकीची सोंड खडबडीत असताना तेवढाच भाग इस्त्री केल्यासारखा. रोज समोर होता, आणि मी त्याच्याकडे एकदाही थांबून पाहिलं नव्हतं.

याला आधार कसा मिळवायचा? एक वेगळा उपग्रह लेझरचे ठिपके टाकत फिरतो. ठिपक्यातला काही प्रकाश पानांवरून परततो, काही फटीतून खाली जाऊन जमिनीवरून परततो. दोन्हींतला फरक म्हणजे झाडाची उंची. हा डेटा फुकट मिळतो, पण ठिपके विरळ असतात, हवे तिथे पडतील असं नाही. आमच्या सोंडेवर अशा ठिपक्यांच्या दोन ओळी गेल्या होत्या. नेमक्या सपाट तुकड्याच्या मध्यावर एकही नव्हता. मात्र त्याच्या कडेला काही होते आणि मध्याकडे जावं तशी झाडं उंच आणि जमीन खोल होत गेली होती.

संशय पक्का झाला. पण संशयावर पाइप टाकता येत नाही. कुणीतरी तिथे जाऊन मोजायला हवं होतं.

“मैं जाएगा,” लोवांग म्हणाला. मी अजून विचारलंही नव्हतं.

दाट जंगलात जीपीएसचा भरवसा नसतो. तेव्हा जुनी पद्धत वापरायचं ठरलं. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, त्यावरून उंची दाखवणारं छोटं यंत्र असतं, अल्टिमीटर. पण दाब उंचीने बदलतो तसा वेळेनेही बदलतो. सकाळी वाढत जातो, दुपारी उतरतो. म्हणून यंत्रं दोन घ्यायची. एक माणूस ओढ्यावर, दुसरा खिंडीत, दोघांनी एकाच क्षणी आकडा घ्यायचा. मग वेळेचा परिणाम दोन्हीकडे सारखा आणि उरतो तो फक्त उंचीतला फरक. आमच्या ऑफिसच्या कपाटात अशी दोन यंत्रं धूळ खात होती. ती साफ करून, एकमेकांशी पडताळून मी कुरियरने पाठवली. जागा सीमेलगतची म्हणून तिथल्या चौकीची परवानगी लोवांगने काढली.

ठरलं असं की गावातला एक जण ओढ्यावर थांबेल, लोवांग धारेजवळच्या त्या सपाट जागी जाईल आणि सकाळी बरोबर आठ वाजता दोघं आकडा घेतील.

त्या सकाळी मी कोलार रोडच्या घरी गॅसवर दूध ठेवून फोन हातात घेऊन उभी होते. लोवांगचा फोटो आला. अल्टिमीटर, मागे शेवाळलेला बुंधा, कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली वेळ. दूध उतू गेलं. नवऱ्याने येऊन गॅस बंद केला.

दुपारी ऑफिसात लोवांगचा फोन आला. आवाजावरूनच कळलं.

“नहीं होगा मैडम. दोनों का मिलाया. ऊपर वाला जगह नाला से दो मीटर ऊँचा आता है.”

दोन मीटर! एका दरवाजाच्या उंचीएवढा तो फरक, आणि त्यावर सगळं संपत होतं.

“आप लोग बहुत किया,” तो म्हणाला. “मैं माँ को बोल देता है.”

“थांबा,” मी म्हटलं. “अजून कुणाला काही बोलू नका.” का म्हटलं ते मलाही ठाऊक नव्हतं. नॉट फीजिबलवर सही करायची हे मीच कबूल केलं होतं, म्हणून असेल.

फोन ठेवून मी सकाळचा फोटो पुन्हा उघडला. फोटोवर वेळ छापलेली होती, आठ. त्याच्याखाली माझ्या फोनने संदेश मिळाल्याची वेळ लिहिली होती, सात वाजून काही मिनिटं. आठ वाजता काढलेला फोटो मला सातला मिळाला होता.

मी नाझियाला दाखवला. “ये क्या जादू है?” ती म्हणाली.

जादू सीमेची होती. म्यानमारचं घड्याळ आपल्यापेक्षा तासभर पुढे असतं. ओढा दरीत, तिथे फक्त आपलं नेटवर्क किंवा काहीच नाही. धारेजवळ मात्र पलीकडच्या टॉवरचा सिग्नल पोचतो. लोवांगच्या फोनने वर पोचताच पलीकडची वेळ धरली होती. चार पावलं सरकून आपलं नेटवर्क मिळालं तसा फोटो गेला. म्हणजे लोवांगने आकडा घेतला तेव्हा ओढ्यावर अजून सातच वाजले होते. ओढ्याचा आकडा तासभरानंतरचा. त्या तासात सकाळचा दाब वाढला, आणि दाब वाढला की यंत्र समजतं आपण खाली आलो. ओढा प्रत्यक्षात होता त्यापेक्षा खाली मोजला गेला होता. किती, ते सांगता येत नव्हतं. पण दोन मीटरपेक्षा जास्त असणं सहज शक्य होतं.

“लोवांगजी, तुमचा फोन सकाळी म्यानमारमध्ये होता,” मी सांगितलं.

आधी त्याला कळेना. मग तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. “वो तो रोज़ विदेश घूम के आता है मैडम! हम लोग ध्यान ही नहीं देता.” आणि मग एकदम गंभीर होऊन, “कल फिर जाएगा.”

तिथे जाणं म्हणजे जळवांनी भरलेल्या जंगलातून अर्धा दिवस चढायचं, रात्री वर झोपायचं. तरी तो दुसऱ्याच दिवशी पुन्हा निघाला. या वेळी दोघांच्या मनगटावर साधी घड्याळं होती, गावातूनच एकमेकांशी लावून नेलेली. आकडा एकदा नाही, लागोपाठ कितीतरी वेळा घेतला.

त्याच्या पुढच्या दिवशी मी ऑफिसात होते. फोन वाजला तेव्हा सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, काम काहीच नव्हतं तरी.

“नीचे है,” लोवांग म्हणाला. “हर बार नीचे आया. सात-आठ मीटर.”

मला रडू आलं. ऑफिसात रडायची माझी पद्धत नाही, तरी आलं. नाझियाने पाण्याची बाटली पुढे सरकवली आणि दुसऱ्या हाताने हिशोब सुरू केला.

सात-आठ मीटर म्हणजे काठावर पास. पाणी वाटेत घासतं त्यात बरेचसे मीटर जातात. नाझियाने पाइप एक आकार मोठा घेतला, म्हणजे घासणं कमी. दोन वळणं काढून टाकली. तरीही उंची पुरेना, तेव्हा टाकी गावाच्या अगदी माथ्यावर न ठेवता थोडी खाली घेतली. बहुतेक घरं टाकीच्या खाली येत होती. वरची चार-पाच राहत होती.

रिव्ह्यू मीटिंगमध्ये सरांनी जे केलं ते मी विसरणार नाही. कमिटीतल्या एकाने विचारलं, “कॉम्प्युटर जिथे उंचवटा दाखवतो, तिथून तुम्ही पाइप नेताय?” मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “साहब, कंप्यूटर पगड़ी समेत नाप रहा है. हमने पगड़ी उतरवा के नापा है.” फेट्याचं उदाहरण माझं होतं. पण त्यांनी ते अशा खात्रीने वापरलं की मी हक्क सांगितला नाही. फाइल पास झाली.

पाइप पडायला एक पूर्ण कोरडा हंगाम गेला. मध्ये एकदा दरड आली, एकदा जोड निसटला. प्रत्येक वेळी लोवांग फोन करायचा आणि मी पुन्हा नकाशा उघडायची. शेवटी पाणी खिंड ओलांडून टाकीत पडलं. जोर फार नाही, पण बारा महिने पडतं. रस्त्यावर उतरलेल्यांपैकी काही घरं परत वर गेली, सगळी नाही. रस्त्याची सवय लागली की सुटत नाही.

लोवांगची आई त्या वरच्या चार-पाच घरांतली. तिचं घर टाकीच्या वर राहिलं होतं. मला हे लागून राहिलं होतं. तिच्यासाठी अडून बसले आणि नेमका तिच्याच दारात नळ नाही. मी लोवांगला चाचरत विचारलं, आईचं काय?

“माँ?” तो म्हणाला. “माँ ने घर खोल लिया.”

बांबूचं आणि पानांचं घर. गाव मदतीला आलं, घर मोडलं, टाकीच्या खाली नेऊन पुन्हा उभं केलं. मुलाने दोनदा रस्त्यावर नेलं तर दोन्ही वेळा पळून वर आलेली ती बाई, पाणी वर आलेलं बघून आपण होऊन खाली उतरली. किती? लोवांग म्हणाला, “पचास कदम होगा. बोलता है, पानी इतना ऊपर आया, तो मैं इतना नीचे आया. हिसाब बराबर.”

यातून मी शिकले ते कामापुरतंच आहे. डोंगराळ भागाची फाइल आली की आधी दोन गोष्टी विचारायच्या. उंची झाडाची की जमिनीची? आणि सीमेजवळ असेल तर घड्याळ कुठल्या देशाचं? रायसेनच्या फाइलवरही मी हे विचारते तेव्हा ऑफिसातले नवे लोक हसतात. लघाटे सर मात्र हसत नाहीत, माझ्या आधी तेच विचारून मोकळे होतात.